विश्लेषण : नोकरी गेली आणि सुगरण उलगडली! डॉ. सलीम अलींसाठी किहीम का महत्त्वाचे?

राज्यात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर या काळात पक्षी सप्ताह साजरा होतो. त्याचा शेवटचा दिवस म्हणजे डॉ. सलीम अली यांची जयंती. त्यांच्या नावाशी भरतपूर आणि सायलेंट व्हॅली ही ठिकाणे चटकन जोडली जातात. मात्र त्यांच्या संशोधनाला वळण देणारा एक पावसाळा अलिबागच्या उत्तरेला असलेल्या किहीममध्ये गेला.

पक्ष्यांची गोडी कशी लागली?

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले आणि मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्याकडे ते वाढले. खेळण्यातल्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी टिपली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती कोणती, हे विचारायला ते ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’त (बीएनएचएस) गेले. तेथील सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी या मुलासमोर पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा सारा संग्रह उघडला आणि त्याला या विषयाची गोडी लागली.

युरोपातून काय शिकून आले?

काही वर्षे ब्रह्मदेशात व्यवसाय करून ते मुंबईला परतले. १९२६ मध्ये त्यांना ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ वस्तुसंग्रहालयात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून नोकरी मिळाली. पुढे अभ्यास रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि एर्विन स्ट्रेझेमान यांच्या हाताखाली पक्षिशास्त्र शिकले. उत्तर समुद्रातल्या हेलिगोलँड बेटावर त्यांनी पक्ष्यांच्या पायात कडी अडकवण्याचे तंत्र आत्मसात केले. या जवळजवळ उजाड बेटावर मुद्दाम झुडपांची बाग राखलेली आहे. समुद्र ओलांडून दमलेले पक्षी तिथे उतरतात, त्यांना अलगद पकडून, कडी घालून सोडून दिले जाते. मेलेल्या पक्ष्याच्या कातडीपलीकडे जिवंत पक्षी काय करतो, हा प्रश्न युरोपात तेव्हा महत्त्वाचा ठरू लागला होता.

किहीमच का?

१९३० मध्ये ते परतले, तेव्हा पैशांअभावी त्यांचे पदच रद्द झाले होते. हाती विद्यापीठाची पदवी नव्हती, त्यामुळे दुसरी नोकरीही मिळेना. पत्नी तहमिना यांच्यासह ते किहीमला राहायला गेले. मुंबईपेक्षा इथला खर्च कमी होता. शिवाय घराच्या आसपास नारळाच्या वाड्या, भातखाचरे, शिंदीची झाडे आणि विहिरी होत्या. सुगरण पक्ष्याला नेमके हेच लागते. पावसाळा सुरू झाला, विणीचा हंगाम आला आणि काम दारातच चालून आले.

सुगरणीचे कोडे काय होते?

मराठीत सुगरण हे स्त्रीलिंगी नाव. खोप्याचे कौतुक करताना आपण मादीचेच कौतुक करतो. प्रत्यक्षात खोपा विणतो तो पिवळ्या डोक्याचा नर. भाताच्या पात्याच्या आणि गवताच्या लांब पट्ट्या चोचीने फाडून तो आणतो. एका खोप्यासाठी अशा ५०० पर्यंत खेपा होतात.

प्रत्येक वसाहतीत काही खोपे अर्धवट का लटकलेले असतात, हे मात्र कुणाला नीट सांगता येत नव्हते. मादी अंडी उबवत असताना नराला बसायला केलेला तो झोका, असा एक समज होता. आडोशाला बसून रोज तासन् तास निरीक्षण केल्यावर सलीम अलींना वेगळेच चित्र दिसले. नर खोपा शिरस्त्राणाच्या आकारापर्यंत विणून थांबतो. मग माद्या येतात, आत शिरून पाहणी करतात. पसंत पडला तर जोडी जमते आणि नर खाली नळीसारखे दार विणून तो पूर्ण करतो. नापसंत खोपा तसाच राहतो. मादी अंड्यांवर बसली की नर जवळच दुसरा खोपा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. एकापाठोपाठ एक जोड्या जमवण्याची ही रीत त्यांनी १९३१ मध्ये ‘बीएनएचएस’च्या नियतकालिकात मांडली.

त्यानंतर काय घडले?

आपण बंदूक आणि पेंढ्यापेक्षा निरीक्षणात रमतो, हे या कामाने पक्के झाले. खर्च द्या, मानधन नको, या अटीवर त्यांनी हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन अशा संस्थानांतल्या पक्ष्यांची पाहणी केली. १९३९ मध्ये तहमिना यांचे निधन झाले, पण काम थांबले नाही. १९४१ मध्ये ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ आले. डिलन रिप्ले यांच्यासोबतचा दहा खंडांचा पक्षिकोश १९७४ मध्ये पूर्ण झाला. १९७६ मध्ये पद्मविभूषण आणि १९८५ मध्ये राज्यसभेचे सदस्यत्व मिळाले. २० जून १९८७ रोजी त्यांचे निधन झाले.

आज किहीममध्ये काय पणाला लागले आहे?

मांडवा ते अलिबाग या पट्ट्यात वाड्या आणि खाचरांच्या जागी बंगले, कुंपणाच्या भिंती आणि कापलेली हिरवळ येत आहे. ती बाग दिसायला हिरवीच, पण सुगरणीला खोपा विणायला तिथे लांब पाते मिळत नाही आणि पिलांना भरवायला पुरेसे किडेही नाहीत. शिंदी किंवा माड तोडला तर खोपा टांगायची जागाही जाते.

उपाय फार खर्चिक नाही. कोपऱ्यातले गवत पावसाळाभर न कापणे, जुनी शिंदी राखणे, विहीर न बुजवणे आणि शोभेसाठी खोपे तोडून घरी न आणणे एवढे प्रत्येक वाडीमालकाला जमू शकते. सलीम अलींना किहीममध्ये प्रयोगशाळा लागली नव्हती. खाचर, झाड आणि पाणी एकमेकांशेजारी होते, तेवढे पुरले. ते शेजारपण टिकले, तर तोच अभ्यास आजही इथल्या शाळकरी मुलांना करता येईल.