बेळगावचे बाबा पदमनजी

आपल्या अभ्यासक्रमात बाबा पदमनजी एका मार्कापुरते येतात. मराठीतली पहिली कादंबरी कोणती? यमुनापर्यटन, १८५७. लेखक बाबा पदमनजी. एवढं लिहिलं की मार्क पदरात. मीही दोन वर्षं तेवढंच लिहीत आलो. हे गृहस्थ आपल्याच बेळगावात जन्मले, इथल्याच मिशनच्या शाळेत शिकले आणि त्यांचा बाप्तिस्माही इथंच झाला, हे मात्र मंडळाच्या बैठकीसाठी टिपण काढायला बसलो तेव्हा कळलं. टिपण दोन पानांचं करायचं होतं. पण त्यांचं 'अरुणोदय' हे आत्मचरित्र हाती आलं आणि मी त्यातच अडकलो.

बाबांचा जन्म १८३१ सालचा, कासार ज्ञातीतला. वडील पदमनजी माणिकजी सरकारी नोकरीत होते. घर खाऊनपिऊन सुखी आणि देवाधर्माचं. या घरातला हा मुलगा नावापुरता भाविक नव्हता. पूजा, उपास, पोथीवाचन सगळं तो मनापासून करायचा. हे मी मुद्दाम सांगतोय. देव सोडणाऱ्या माणसाला मुळात देवाची ओढच नसेल असं आपण समजतो. बाबांचं उलटं होतं. त्यांना देव हवाच होता, आणि म्हणूनच खोट्या देवावर भागेना.

बेळगावात लंडन मिशनचं काम १८२० पासून सुरू होतं. लष्कराची छावणी, तिच्या आसऱ्यानं आलेले मिशनरी, त्यांच्या शाळा, असं ते गाव. मिशनच्या शाळेत इंग्रजी मिळायचं, म्हणून आईवडील मुलांना पाठवायचे. बायबलचा तास त्या इंग्रजीबरोबर आपोआप यायचा. बाबांनीही तो आधी अभ्यासाचा विषय म्हणूनच ऐकला असणार. पण एकाच डोक्यात घरची पोथी आणि शाळेतला भूगोल फार दिवस शेजारी शेजारी बसत नाहीत. पुढे शिक्षणासाठी ते मुंबईला गेले आणि फ्री चर्चच्या विद्यालयात दाखल झाले. जॉन विल्सन, मरे मिचेल अशी माणसं तिथं होती. दहा आज्ञांतली मूर्तीविषयीची आज्ञा बाबांच्या मनात याच काळात खोल गेली. माणसानं घडवलेल्या वस्तूपुढे माणसानंच हात जोडायचे, हे त्यांना पटेनासं झालं. बाप्तिस्म्याच्या बरीच वर्षं आधी त्यांच्या मनातली मूर्तिपूजा संपली होती.

इथं मी पुस्तक मिटलं आणि जेवायला गेलो. मला वाटलं, झालं, आता पुढच्या पानावर बाप्तिस्मा. पण तसं घडलं नाही. मधे कितीतरी वर्षं आहेत, आणि खरी गोष्ट त्या वर्षांतच आहे.

१८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा निघाली. दादोबा पांडुरंग तिचे मार्गदर्शक, राम बाळकृष्ण जयकर अध्यक्ष. सभा गुप्त होती. जातिभेद मानायचा नाही, मूर्ती पुजायची नाही, विधवांचे विवाह व्हावेत, असे तिचे विचार. नव्या सभासदाला ख्रिस्ती माणसानं भाजलेला पाव खावा लागे आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यावं लागे. आज हॉस्टेलच्या मेसमध्ये बसून याचं हसू येतं, पण त्या काळी एका पावाच्या तुकड्यानं माणूस जातीबाहेर फेकला जायचा. बाबा या सभेचे सभासद झाले.

सभेची माणसं खोटी नव्हती. दादोबा तर मोठेच. तरीही बंद दाराआड जात मोडायची आणि दार उघडून बाहेर पडलं की पुन्हा सगळं जिथल्या तिथं, अशी ही सुधारणा होती. १८६० च्या सुमाराला सभासदांची यादी चोरीला गेली. नावं बाहेर फुटणार म्हटल्यावर सभाच मोडली. बाबा त्याआधीच तिच्यातून बाहेर पडले होते. मूर्ती नाकारली, जात नाकारली, पण पापाचं काय, हा त्यांचा प्रश्न तिथं सुटत नव्हता. देव एक आहे हे मान्य केल्यानं मन शुद्ध होत नाही. उलट, तो एकच देव सगळं पाहतो आहे म्हटल्यावर आपलं ओझं जास्तच जाणवायला लागतं. ते उतरवणारा कोणीतरी हवा होता. ख्रिस्ताच्या क्रुसाकडे बाबा आले ते या वाटेनं. वादात हरून कोणी तिथं जात नाही असं मला वाटतं. निदान बाबा तरी गेले नाहीत.

मन वळलं, पण पाऊल पुढे पडेना, कारण किंमत काय द्यावी लागते हे सगळ्यांना ठाऊक होतं. १८४३ मध्ये नारायण शेषाद्रींनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला होता, त्याला कोर्टानं वडिलांच्या ताब्यात दिलं. बाळशास्त्री जांभेकरांसारखा विद्वान त्या पोराला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावं म्हणून उभा राहिला, तरी सनातनी मंडळी ऐकेनात. पोर मिशनऱ्यांच्या घरी राहिलं एवढ्यावरून हे रामायण! मग तेविशीतल्या कर्त्या मुलानं आपल्याच गावात, आपल्याच माणसांसमोर बाप्तिस्मा घेतला तर काय होईल?

मला वाटतं, बाबांच्या घरात एक मूर्ती शेवटपर्यंत उरली होती, आणि ती देव्हाऱ्यात नव्हती. लोक काय म्हणतील ही ती मूर्ती. आईवडिलांची माया, ज्ञातीचा मान, नाव, सगळा नैवेद्य तिलाच जायचा.

मी ख्रिस्ती घरात वाढलो. आजोबांच्या आधीपासून आमच्याकडे चर्च आहे. माझ्याकडून कोणी कधी काही मागितलं नाही. तरी पहिल्या वर्षी हॉस्टेलवर माझं बायबल ट्रंकेच्या तळाशी, स्वेटरच्या खाली असायचं. रूममेट आंघोळीला गेला की काढायचो, त्याच्या चपलांचा आवाज आला की परत ठेवायचो. तो बिचारा मला कधीच काही बोलला नव्हता, रोज सकाळी आपली उदबत्ती उघडपणे लावायचा. परमहंस सभेचं प्रकरण वाचताना मला ती ट्रंक आठवली, आणि सभेला हसणं थांबलं.

३ सप्टेंबर १८५४, रविवार. त्या दिवशी बेळगावात बाबांचा बाप्तिस्मा झाला. मुंबई मोठी होती, तिथं हे तुलनेनं निभलं असतं. त्यांनी तो घेतला आपल्या गावात.

किंमत द्यावी लागलीच. घर तुटलं. पत्नीनं त्यांच्याबरोबर यायला नकार दिला. आपल्याकडच्या साक्षींमध्ये अशा ठिकाणी पटकन पुढे जायची पद्धत आहे. मला ते जमत नाही. त्या मुलीचं वय काय असेल, तिनं काय भोगलं असेल? तिनं आत्मचरित्र लिहिलं नाही. बाबांना मोकळं वाटलं त्याच दिवशी तिच्या कपाळी नवरा असून नसल्यासारखं जिणं आलं. बाबांचा निर्णय मला खराच वाटतो, आणि तिचं दुःखही तेवढंच खरं वाटतं.

तीन वर्षांनी यमुनापर्यटन आलं. यमुना आणि विनायकराव हे जोडपं गावोगाव फिरतं आणि ठिकठिकाणी विधवांचे हाल पाहतं. दोघांचाही ओढा ख्रिस्ताकडे आहे, पण उघडपणे नाही. पुढे यमुनेवरच वैधव्य येतं. समीक्षक या पुस्तकाला कादंबरी म्हणावं की प्रचार यावर भांडतात. प्रचार आहेच, तो बाबांनी लपवलेला नाही. पण आता वाचताना मला त्यात दुसरंच काही दिसतं. नवऱ्याच्या शेजारी बसून त्याच्याबरोबर विचार करणारी, त्याच्या वाटेनं चालणारी बायको बाबांना संसारात मिळाली नाही, ती त्यांनी कागदावर आणली. हा माझा तर्क. पुरावा नाही.

पुढचं आयुष्य कामाचं आहे. १८६७ मध्ये पाळकपदाची दीक्षा, पुण्यात काही वर्षं मंडळीची सेवा, तब्येत बिघडल्यावर मुंबईला परत. शब्दकोश, नव्या करारावर टीका, निबंध, नियतकालिकं. लहानमोठी मिळून शंभरावर पुस्तकं त्यांच्या नावावर आहेत. 'अरुणोदय' निघालं १८८८ मध्ये, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर चौतीस वर्षांनी. त्यात त्यांनी परमहंस सभेची हकिकत तर सांगितलीच, स्वतःचं कचरणंही लिहून ठेवलं. एकेकाळी गुप्त सभेत बसलेल्या माणसानं सगळं नावानिशी छापून टाकलं. २९ ऑगस्ट १९०६ रोजी ते वारले.

माझं टिपण शेवटी दोन पानांत बसलं नाही. ते खोलीत टेबलावर बसून लिहिलं, दिवा लावून, बायबल शेजारी ठेवून. रूममेटनं विचारलं काय लिहितोस, तर त्याला वाचून दाखवलं. पाव खाण्याच्या भागाला तो खूप हसला. मग त्या पत्नीचं नाव काय, असं त्यानं विचारलं.