विश्लेषण : बोटीच्या पंख्याभोवती थंड पाणी का उकळते? चार्ल्स पार्सन्स यांनी ते कसे शोधले?

शर्यतीची स्पीडबोट भरधाव सुटली की तिच्या मागे पाण्याचा उंच फवारा उडतो. अशा अनेक बोटींचा प्रोपेलर, म्हणजे पंखा, अर्धा पाण्यात आणि अर्धा पाण्याबाहेर फिरत असतो. या रचनेला सरफेस ड्राइव्ह म्हणतात. पंखा पूर्ण बुडलेला असेल तरच बोट जोरात जाईल, असे कुणालाही वाटेल. अतिवेगात मात्र बुडालेला पंखाच अडचण ठरतो. ही अडचण सर्वांत महागात पडली ती चार्ल्स पार्सन्स या ब्रिटिश अभियंत्याला.

कोण होते पार्सन्स?

जन्म १८५४ चा, लंडनमधला. बालपण आयर्लंडमधील बर कॅसल येथे गेले. वडील अर्ल ऑफ रॉस यांनी घराच्या आवारात ७२ इंची आरशाची दुर्बीण उभारली होती. ती अनेक दशके जगात सर्वांत मोठी होती. मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवले गेले. केंब्रिजमध्ये गणित शिकल्यावर या उमरावपुत्राने न्यूकॅसलच्या कारखान्यात उमेदवारी पत्करली. १८८४ मध्ये त्यांनी मिनिटाला १८ हजार फेरे घेणारी वाफेची टर्बाइन बनवली. कोराडी, चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रांत आजही जनित्रे फिरतात ती वाफेच्या टर्बाइनवरच.

१८८९ मध्ये त्यांनी भागीदारी सोडली, तेव्हा पेटंट मात्र जुन्या कंपनीकडेच राहिले. स्वतःच्याच शोधाला हात लावता येईना, म्हणून त्यांनी वेगळ्या रचनेची टर्बाइन तयार केली. मूळ हक्क परत मिळायला १८९४ उजाडले. त्याच वर्षी ‘टर्बिनिया’ ही बोट पाण्यात उतरली. लांबी ३१ मीटरहून अधिक, रुंदी जेमतेम पावणेतीन मीटर.

बोट धावेना, ती का?

चाचण्यांमागून चाचण्या झाल्या, पंखे बदलून पाहिले. पण वेग २० नॉटवरही जाईना. दोष टर्बाइनचाच, असे म्हणून प्रकरण तिथेच संपले असते. पार्सन्स यांनी दांड्यावर किती पीळ पडतो हे मोजणारे उपकरण बसवले. टर्बाइन पुरेशी शक्ती देत होती. ती वाया जात होती पंख्यापाशी.

पाणी उकळायला उष्णताच लागते असे नाही, दाब पुरेसा घटला तरी ते उकळते. वेगाने फिरणाऱ्या पात्याच्या एका बाजूला दाब इतका पडतो की तिथे पाण्याची वाफ होऊन पोकळी तयार होते. मग पंख्याला रेटायला पाणीच उरत नाही. शिवाय हे बुडबुडे फुटताना धातूही कुरतडला जातो. याला कॅव्हिटेशन म्हणतात. ‘डेअरिंग’ या युद्धनौकेच्या चाचण्यांत त्याची चाहूल आधीच लागली होती, पण ते डोळ्यांनी पाहणार कसे? पार्सन्स यांनी १८९५ मध्ये एक छोटी बंदिस्त टाकी बनवली, तीत दोन इंची पंखा बसवला आणि पंपाने हवा काढून दाब घटवला. पंख्याच्या फेऱ्यांशी जुळवलेल्या प्रकाशाच्या झोतात फिरती पाती स्थिर भासत आणि त्यांवरच्या पोकळ्या स्पष्ट दिसत.

मार्ग काय निघाला?

भार वाटून देण्याचा. एका टर्बाइनऐवजी तीन, तीन दांडे आणि प्रत्येकावर तीन, असे एकूण नऊ पंखे! पात्यांचे क्षेत्रफळ वाढले, प्रत्येकावरचा ताण घटला आणि वेग ३४.५ नॉटवर, म्हणजे ताशी सुमारे ६४ किलोमीटरवर गेला. २६ जून १८९७ रोजी राणी व्हिक्टोरियाच्या हीरक महोत्सवानिमित्त स्पिटहेडला नौदलाचे संचलन होते. नांगरलेल्या युद्धनौकांच्या रांगांमधून ‘टर्बिनिया’ सुसाट निघाली आणि गस्तीच्या बोटींना ती गाठता आली नाही. उघड आगाऊपणाच होता तो, पण नौदलाने दखल घेतली. पुढची वाट सोपी नव्हती. ‘वायपर’ आणि ‘कोब्रा’ या टर्बाइनवरच्या दोन्ही विनाशिका १९०१ मध्ये बुडाल्या. ‘कोब्रा’वर पार्सन्स यांच्या कारखान्यातली माणसेही गेली. तरी टर्बाइनवर ठपका आला नाही. १९०६ मध्ये ‘ड्रेडनॉट’ ही बलाढ्य युद्धनौका टर्बाइनवरच निघाली.

सरफेस ड्राइव्हशी संबंध कसा?

पार्सन्स यांनी पोकळी होऊ नये यासाठी धडपड केली. सरफेस ड्राइव्ह ती होऊ देते, फक्त वाफेऐवजी हवेने भरते. पाते दर फेऱ्याला पाण्याबाहेर येते आणि आत शिरताना हवा सोबत नेते. हवा वाफेसारखी क्षणात विरत नाही, त्यामुळे पाते कुरतडले जात नाही. दांडाही बराचसा पाण्याबाहेर राहिल्याने पाण्याचा अडथळा घटतो. किंमतही आहेच. कमी वेगात आणि मागे घेताना अशी बोट अडखळते, आणि दर फेऱ्याला पाण्यावर आपटणारी पाती फार मजबूत लागतात.

पार्सन्स यांचा एकुलता एक मुलगा १९१८ मध्ये महायुद्धात मारला गेला. ते स्वतः ११ फेब्रुवारी १९३१ रोजी जमैकातील किंग्स्टन बंदरात, जहाजावरच निवर्तले. ‘टर्बिनिया’ न्यूकॅसलच्या संग्रहालयात आहे. ती छोटी टाकीही त्याच शहरातील विद्यापीठाने जपली आहे.