कस्तुरबांचा चरखा

कस्तुरबांचा जन्म इ. स. १८६९ मध्ये पोरबंदर येथे झाला. बालवयातच विवाह झाल्याने शाळा लाभली नाही. पुढे वर्ध्याजवळील सेवाग्राम आश्रमात त्यांचा संसार स्वतःच्या चार पुत्रांपुरता राहिला नव्हता. स्वयंपाकघराची देखरेख, पंक्तीस वाढणे, आजाऱ्यांची शुश्रूषा इतके सांभाळून त्या नित्य चरख्यापाशी बसत. एका हाताने चाक फिरवावयाचे, दुसऱ्याने पेळूतून धागा ओढावयाचा; चित्त ढळले की धागा तुटलाच! दिवसभर राबलेल्या हातांस हे सोपे नव्हे. ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईत अटक होऊन त्या पुण्याच्या आगाखान महालात बंदिवान झाल्या. तेथेच २२ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांचे देहावसान झाले. गांधीजींनी स्वहस्ते कातलेल्या सुताची साडी नेसवून त्यांस अग्नी देण्यात आला.