धुरंधर मास्तरांच्या चित्रातल्या बायका

शाळेतली मुलं एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेला बसली की आपल्या नेकनूरसारख्या गावात घरोघरी एक प्रश्न निघतो. चित्रं काढून पोट भरतं का? त्यातून मुलगी असेल तर विचारायलाच नको. रंगांच्या डबीपेक्षा तिच्या हाती लाटणं बरं, असं कुणीतरी म्हणतंच. म्हणूनच मैत्रिणींनो, आज धुरंधर मास्तरांची आठवण.

महादेव विश्वनाथ धुरंधर यांचा जन्म १८ मार्च १८६७ चा, कोल्हापूरचा. चित्रांचं वेड लहानपणापासूनचं. १८९० साली ते मुंबईला आले आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथले प्रमुख जॉन ग्रिफिथ्स यांनी या मुलाचा हात ओळखला. १८९५ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक मिळालं. चित्राचा विषय देवादिकांचा किंवा राजेरजवाड्यांचा नव्हता. आपल्यासारख्याच घरातल्या बायकांचं ते चित्र होतं. पुढच्याच वर्षी, १८९६ मध्ये, ज्या शाळेत शिकले तिथेच ते शिक्षक झाले.

नोकरी लागली म्हणून कुंचला काही खाली ठेवला नाही. दिवसा वर्गात शिकवायचं आणि उरलेल्या वेळात आपलं काम करायचं. पोस्टकार्डावरची चित्रं, पुस्तकांतली चित्रं, व्यक्तिचित्रं, शिवाजी महाराजांच्या जीवनातले प्रसंग, असं सगळं त्यांनी केलं. हलकं काम, भारी काम असा भेद त्यांनी केला नाही. पोस्टकार्डामुळे त्यांची चित्रं साध्यासुध्या माणसांच्या हातात पोचली.

आपण श्रावणात ज्या वारांच्या कहाण्या वाचतो ना, त्या किंकेड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने इंग्रजीत सांगितल्या. १९१४ च्या त्या पुस्तकाला चित्रं धुरंधरांची होती. १९२० मध्ये भारतातल्या स्त्रियांवर एक इंग्रजी पुस्तक निघालं, त्यातली चित्रंही त्यांचीच. नाना जातींच्या, नाना प्रांतांच्या बायका त्यात दिसतात. कुणाचं लुगडं कसं नेसलेलं, कुणाचे दागिने कोणते, कोण कशी उभी राहते, हे सगळं त्यांनी बारकाईने टिपलं. आपल्याला रोजचं वाटतं म्हणून जे आपण बघतच नाही, ते या माणसाने डोळे भरून पाहिलं.

जे. जे. मध्ये त्या काळी वरच्या खुर्चीवर साहेबच बसायचा. ती खुर्ची १९३० मध्ये धुरंधरांकडे आली. काही काळापुरती का होईना, पण जे. जे. चा संचालक झालेले ते पहिले भारतीय. १९३१ मध्ये ते निवृत्त झाले. विद्यार्थी आणि शिक्षक मिळून एकेचाळीस वर्षं त्या एकाच वास्तूत गेली. त्या वर्षांच्या आठवणी त्यांनी मराठीत पुस्तकरूपाने लिहूनही ठेवल्या.

पण मला त्यांची सगळ्यात मोलाची गोष्ट वेगळीच वाटते. त्यांची लेक अंबिका. मुलींनी चित्रकलेचं रीतसर शिक्षण घेणं तेव्हा दुर्मीळच. मास्तरांनी लेकीला घरी शिकवलं आणि जे. जे. मध्येही घातलं. वडील निवृत्त झाले त्याच १९३१ साली तिने पदविका मिळवली. पुढे ती स्वतःच्या नावाने चित्रकार झाली. १ जून १९४४ रोजी मास्तर गेले. त्यानंतर त्यांची चित्रं आयुष्यभर जिवापाड जपली ती या लेकीनेच. अंबिकाताई २००९ मध्ये गेल्या. २०१८ मध्ये मुंबईत धुरंधरांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं आणि नव्या पिढीने ती पाहिली.

लेकीच्या हाती दिलेला कुंचला वाया गेला नाही, बघा! परीक्षेत स्मरणचित्राचा पेपर असतो. तुमची मुलगी त्यात आठवडी बाजार काढेल, डोक्यावर पाटी घेतलेली बाई काढेल. तेव्हा पसारा आवर म्हणून ओरडू नका. घटकाभर शेजारी बसा आणि ते चित्र नीट बघा. कदाचित त्यात तुम्हीच असाल.