एडवर्ड कर्टिस : चरित्र आणि कार्य

एडवर्ड शेरिफ कर्टिस (१८६८–१९५२) यांचा जन्म अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात झाला. सिअ‍ॅटल येथे छायाचित्रकार म्हणून नावलौकिक मिळविल्यावर त्यांनी तेथील मूलनिवासी जमातींचे जीवन टिपण्याचा ध्यास घेतला. १९०६ मध्ये धनपती जे. पी. मॉर्गन यांचे अर्थसाहाय्य लाभले आणि १९०७ ते १९३० या काळात ‘द नॉर्थ अमेरिकन इंडियन’ ही २० खंडांची ग्रंथमाला सिद्ध झाली. कथा, विधी, शब्दसंग्रह यांचीही नोंद त्यांनी केली; गीते मेणाच्या नळकांड्यांवर मुद्रित केली. दरम्यान १९१९ मध्ये विवाहविच्छेद होऊन चित्रशाळाही हातची गेली.

पीगन जमातीच्या एका तंबूतील चित्रातून मात्र त्यांनी घड्याळ पुसून टाकले. लोपाची खंत बाळगणाऱ्या या संग्राहकाला बदलत्या काळाशी जुळवून घेणारा माणूस दिसला नाही. अभ्यासकाने हे खंड वापरताना ते पुसलेले घड्याळही ध्यानी ठेवावे.