जेपींचे डायलिसिस आणि आपली निवड

पिंपळनेरहून येणाऱ्या रुग्णाला मूत्रपिंडे निकामी झाल्याचे सांगितले, की नातेवाईक विचारतात, “डॉक्टर, आता किती दिवस?” अशा वेळी मला जयप्रकाश नारायण आठवतात.

११ ऑक्टोबर १९०२ रोजी सिताबदियारा या गावी जन्मलेल्या जेपींनी अमेरिकेत मजुरी करत शिक्षण घेतले. पुढे नाशिकच्या तुरुंगात समाजवादी विचारांचे सोबती भेटले. १९४२ मध्ये हजारीबागच्या तुरुंगाची भिंत ओलांडून ते भूमिगत झाले. स्वातंत्र्यानंतर सत्तेचा मोह टाळून ते भूदानात रमले, आणि १९७४ मध्ये बिहारच्या विद्यार्थ्यांसाठी पुन्हा रस्त्यावर उतरले.

२६ जून १९७५ च्या पहाटे त्यांना अटक झाली. मधुमेह आधीपासून होताच. चंदीगडला स्थानबद्ध असताना मूत्रपिंडे निकामी झाली. नोव्हेंबरमध्ये सुटका झाल्यावर मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डॉ. एम. के. मणी यांच्या देखरेखीखाली डायलिसिस सुरू झाले. तेव्हा जेपी ७३ वर्षांचे होते. पुढे लोकांनी रुपया-रुपया वर्गणी काढून त्यांच्यासाठी यंत्र घेतले आणि पाटण्याच्या घरीच डायलिसिस होऊ लागले. यंत्राला बांधलेल्या या माणसाने १९७७ मध्ये विरोधी पक्षांना एकत्र आणले आणि सत्तांतर घडवले. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी ते गेले. निदानानंतर जवळपास चार वर्षे ते जगले, आणि कामाचे जगले.

जेपींना निवड करायला फारसा वाव नव्हता. पोटाचे डायलिसिस घरच्या घरी रोज करण्याची पद्धत तेव्हा नुकतीच परदेशात आकार घेत होती. आज दोन वाटा आहेत.

यंत्रावरच्या डायलिसिससाठी हातावर फिस्टुला करावा लागतो आणि साधारणपणे आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास केंद्रात बसावे लागते. जबाबदारी कर्मचाऱ्यांची; पण साक्रीमार्गे धुळ्याची खेप, मजुरीचा खाडा आणि पाण्यावर बंधन आलेच. पोटाच्या पद्धतीत नळीवाटे सुमारे दोन लिटर द्रावण पोटात सोडून काही तासांनी काढतात, बहुधा दिवसातून चारदा. प्रवास वाचतो, शेतावरही जाता येते. मात्र हात न धुता पिशवी बदलली तर पोटात जंतुसंसर्ग होतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. पोटाची मोठी शस्त्रक्रिया झालेल्यांना ही पद्धत नेहमी जमत नाही.

म्हणून निवडताना स्वतःला विचारा: केंद्र किती लांब? घरात स्वच्छ कोपरा आहे का? मदतीला माणूस आहे का? पिशव्यांचा खर्च कोण करणार, शासकीय योजनेत काय बसते? क्रिएटिनिन वाढू लागताच हे प्रश्न डॉक्टरांपुढे मांडा. धाप लागून रात्री गाडी करून आल्यावर निवड उरत नाही. मानेत नळी घालून मिळेल ते यंत्र गाठावे लागते.