हरलेल्यांनी दिलेले नाव



शाळेच्या क्रीडास्पर्धा आटोपल्या की दरवर्षी एक दृश्य आमच्या नजरेस पडते. हरलेल्या संघातील काही मुले जिंकलेल्या मित्रांशी दोन-दोन दिवस बोलत नाहीत. त्यांना रागावण्याऐवजी या वेळी एका थोर मल्लाची जीवनकथा सांगावी असे आम्ही ठरवले. त्याचे नाव मासाहिको किमुरा. आज जगभर हजारो मुले-मुली एक डाव त्याच्या नावाने शिकतात, आणि ते नाव त्या डावाला त्याच्याकडून हरलेल्यांनी दिले आहे.

किमुराचा जन्म १० सप्टेंबर १९१७ रोजी जपानच्या क्यूशू बेटावरील कुमामोतो येथे झाला. घरची गरिबी होती. वडील नदीच्या पात्रातून वाळू-खडी काढत आणि लहानगा मासाहिको त्यांना हातभार लावी. त्या कष्टाने त्याचे अंग लहानपणीच कसले गेले. ज्युदोत त्याची प्रगती पाहून तात्सुकुमा उशिजिमा या नामवंत गुरूने त्याला तोक्योस, ताकुशोकू विद्यापीठात नेले. उशिजिमा हे फार कडक गुरू होते. शिष्याचा पराभव त्यांना खपत नसे.

अठराव्या वर्षी किमुराला ज्युदोची पाचवी दान ही पदवी मिळाली. त्याच वर्षी, म्हणजे १९३५ साली, तो चार कुस्त्या हरला. मन इतके खचले की ज्युदो सोडून द्यावे असे त्याला वाटू लागले. पण त्याने सोडले नाही. आपल्याला कोणी आणि कसे पाडले याचा विचार करून त्याने सराव वाढवला. पायात पाय घालून पाडण्याचा डाव पक्का करण्यासाठी तो रोज झाडाच्या खोडाशी झटत असे. झाड काही पडत नाही. मात्र झाडाशी झटणाऱ्याला समोरचा माणूस हलका वाटू लागतो. पुढे १९३७, १९३८ आणि १९३९ अशी सलग तीन वर्षे तो अखिल जपान विजेता ठरला आणि १९४० साली खुद्द सम्राटांसमोर झालेल्या स्पर्धेतही त्याने बाजी मारली.

किमुरा उभ्या कुस्तीत जितका तरबेज, तितकाच जमिनीवरही. त्याचा आवडता डाव होता उदे-गारामी. यात प्रतिस्पर्ध्याचा हात कोपरात वाकवून आपल्या दोन्ही हातांच्या कडीत अडकवायचा आणि पाठीमागे वळवायचा. ताण खांद्यावर येतो आणि समोरच्याला हार मानण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

मग महायुद्ध आले. युद्धानंतर जपानमध्ये ज्युदोला वाईट दिवस आले. १९४९ साली किमुरा पुन्हा अखिल जपान स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचला आणि तेथे त्याला संयुक्त विजेतेपद मिळाले. पण पदकांनी घर चालत नाही. पत्नीला क्षयरोग झाला होता आणि स्ट्रेप्टोमायसिन हे तेव्हाचे नवे औषध फार महाग होते. पैशासाठी त्याने व्यावसायिक कुस्ती पत्करली आणि १९५१ साली तो दोन साथीदारांसह ब्राझीलला गेला.

ब्राझीलमध्ये ग्रेसी घराण्याची एक आखाडा-परंपरा होती. त्या घराण्याला ही विद्या मित्सुयो माएदा या जपानी मल्लाकडून मिळाली होती. एलिओ ग्रेसी हा त्यांचा नावाजलेला खेळाडू. तो अंगाने किरकोळ होता, म्हणून त्याचा भर ताकदीवर नसून युक्तीवर होता. आपल्या कुस्तीत पाठ टेकली की मल्ल चीत झाला, खेळ संपला. ग्रेसींच्या कुस्तीत मात्र तेथूनच खरी गंमत सुरू होते. पाठीवर पडलेला खेळाडू आपले दोन्ही पाय वरच्याच्या कमरेभोवती गुंफतो. यालाच गार्ड म्हणतात. तो खाली असतो, पण वरच्याला मोकळे होऊ देत नाही आणि खालूनच त्याचा हात किंवा मान पकडायला पाहतो.

किमुराचा साथीदार कातो याला एलिओने सप्टेंबर १९५१ मध्ये हरवले. मग २३ ऑक्टोबर १९५१ रोजी रिओ दि जानेरोच्या माराकाना स्टेडियमवर किमुरा आणि एलिओ समोरासमोर आले. पाडले किंवा दाबून धरले म्हणून गुण मिळायचे नव्हते. एकाने हार मानेपर्यंत कुस्ती चालायची होती. पहिल्या फेरीत किमुराने एलिओला पुन्हा पुन्हा आपटले. दुसऱ्या फेरीच्या तिसऱ्या मिनिटाला त्याने उदे-गारामीची कडी घातली. हाताला जबर इजा झाली तरी एलिओ हार मानेना. अखेर त्याचा थोरला भाऊ कार्लोस याने टॉवेल फेकून कुस्ती थांबवली.

खरी गोष्ट येथून पुढे आहे. ग्रेसींनी सबबी सांगत बसण्यापेक्षा ज्या डावाने आपला माणूस हरला तो डाव आपल्या विद्येत घेतला आणि त्याला नाव दिले किमुरा. आज ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या प्रत्येक वर्गात तो शिकवतात, आणि विशेष म्हणजे गार्डमधून, खाली पाठीवर पडून शिकवतात. वरच्याने हात जमिनीवर टेकला की खालच्याने ते मनगट धरायचे, पाय सोडून उठून बसायचे, दुसरा हात त्याच्या कोपरावरून आत घालून आपलेच मनगट पकडायचे आणि कडी पूर्ण करायची. मग पुन्हा मागे पडून कंबर बाजूला सरकवायची आणि त्याचा हात पाठीमागे वळवायचा.

नवशिके येथे एकच चूक करतात. ते दंडाच्या जोरावर हात ओढत बसतात. डाव सुधारतो तो कंबर हलवल्याने, कोपर आपल्या छातीजवळ ठेवल्याने आणि वरच्याला पायाने जखडून ठेवल्याने. म्हणजे जो पुढे कोलांटी मारून निसटणार, त्याची वाट आधी बंद करावी. एवढे करूनही त्याने आपला हात लपवला, तर हट्ट धरू नये. त्याच उठलेल्या बैठकीतून कमरेच्या धक्क्याने त्याला उलटवता येते. त्याने डोके पुढे घालून जोर लावला तर मान हाती लागते. एक दार बंद झाले की दुसरे उघडे असते, पण ते सरावानेच दिसते. आणि सरावात जोडीदाराने थापटी मारली की त्याच क्षणी सोडायचे, हा पहिला नियम. खांदा एकदा गेला की लवकर बरा होत नाही. म्हणून मुलांनी हा डाव मैदानात किंवा घरी कुणावर मुळीच करून पाहू नये. शिकायचा तर जाणत्या वस्तादासमोर.

किमुराचे पुढचे आयुष्य सोपे नव्हते. १९५४ साली रिकिदोझान या मल्लाकडून झालेली हार त्याच्या मनाला फार लागली. तीस वर्षांचा असताना मिळालेल्या सातव्या दानपुढे त्याला बढती मिळाली नाही. पण तो आपल्या जुन्या विद्यापीठात शिक्षक म्हणून परतला. त्याचा शिष्य कानेओ इवात्सुरी १९७१ साली अखिल जपान विजेता झाला. १८ एप्रिल १९९३ रोजी किमुराचे निधन झाले.

शेवटी एक घरगुती गोष्ट. आमचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. या शाळेत नवे असताना आम्ही फळ्यावर हिंदीप्रमाणे कवि असे ऱ्हस्व लिहिले. सातवीतली एक मुलगी उठली आणि मराठीत वी दीर्घ असतो असे तिने सर्वांदेखत सांगितले. आम्ही तिला खाली बसवले आणि तास पुढे रेटला. चूक आमची होती आणि मान खाली घालून बसली ती. तिची क्षमा मागायची राहूनच गेली. पुढे तो नियम आमच्या मनात त्या मुलीच्याच नावाने बसला. आजही तो शब्द लिहिताना तिचीच आठवण होते.

तेव्हा मुलांनो, यंदा ज्याने तुम्हांस हरवले त्याच्याकडे उद्या मधल्या सुट्टीत जा. त्याने काय केले ते त्यालाच विचारा, आणि शिकलात तर त्याच्या नावासह लक्षात ठेवा. पालकांनीही घरी किती गुण पडले हे विचारण्याआधी, आज कुणाकडून काय शिकलास, हे एकदा विचारून पाहावे, ही नम्र विनंती.